सात नळांचा ओटा

आमच्या होस्टेलच्या मागे सिमेंटचा एक लांब ओटा होता. त्यावर सात नळ. त्यांतले चार मेलेले, तीन जिवंत. पहाटे साडेपाचला पाणी यायचं आणि सातला जायचं. त्या दीड तासात साठेक पोट्ट्यांनी अंघोळ, दाढी, कपडे आणि खोलीतला माठ भरणं हे सगळं उरकायचं. म्हणून रात्री झोपायच्या आधीच ओट्यावर बकेटी रांगेत लागायच्या. बकेट म्हणजे नंबर. माणूस खोलीत घोरत असला तरी त्याच्या वतीनं त्याची बकेट तिथं उभी. दुसऱ्याची बकेट सरकवणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. परीक्षेतली कॉपी त्याच्या पुष्कळ खाली.

१९८७ साली मी पवनीहून नागपूरला एम.ए. करायला आलो, तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि जवसाच्या चटणीचा डबा एवढंच होतं. होस्टेलचं नाव लिहीत नाही. पुढे एकदोन तक्रारी येणार आहेत, आणि ज्यांच्याविषयी त्या आहेत ते आता निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असतील. पहिल्याच दिवशी माझं नाव गेलं. "कुठला बे तू?" "पवनीचा." झालं. दोन वर्षं मी पवनी होतो. माझे रूम पार्टनर आरमोरी आणि तुमसर. व्हरांड्याच्या टोकाला वरोरा, त्याच्या शेजारी ब्रह्मपुरी. एकाच गावचे दोघं निघाले तर नंतर आलेला 'छोटा'. आरमोरीचं खरं नाव मला त्याच्या लग्नपत्रिकेवरून कळलं आणि पत्रिका कुणाची आली हे समजायला मला दोन मिनिटं लागली.

जिवंत तीन नळांतला मधला नेहमी आधी सुरू व्हायचा. आधी म्हणजे चांगली सात-आठ मिनिटं आधी. आरमोरी फिजिक्सचा. त्यानं एका रविवारी ओट्याखाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, मोठा पाइप मधूनच वर येतो, तिथून दोन्हीकडे फाटतो. प्रेशर कमी असलं की मधला भरल्याशिवाय बाजूचे बोलत नाहीत. त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर बरेच दिवस आम्ही मधल्या नळाला 'प्रोफेसर' म्हणायचो.

इमारत कुणी आखली होती कोण जाणे. सरकारी इमारतीला नकाशा असतो, वास्तुकार असतोच असं नाही. पण ज्यानं कुणी आखली त्याला नागपूरचा मे महिना माहीत होता. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की इथं दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. म्हणून भिंती जाड, छत उंच, दारांच्या वर झरोके. गरम हवा वर चढायची आणि झरोक्यातून निघून जायची. सगळ्या खोल्यांच्या पुढून एकच रुंद व्हरांडा, त्यानं ऊन खोलीपर्यंत येऊच दिलं नाही. खोलीत कूलर लावायची परवानगी नव्हती. आम्ही सुती चादरी ओल्या करून दारात टांगायचो आणि रात्री गच्चीवर पाणी शिंपडून झोपायचो.

हा सगळा उन्हाचा हिशेब. पण त्याचा एक परिणाम आखणाऱ्याच्या मनातही नसेल. आमच्या इमारतीत एकटं चालता यायचं नाही. संडासला जा, मेसला जा, सायकल काढायला जा, सात-आठ उघड्या दारांसमोरून जावं लागायचं. प्रत्येक दारातून काहीतरी यायचं. "पवनी, नोट्स कुठं आहेत?" "पवनी, चहा?" "पवनी, तोंड काऊन उतरलं?" घरून पैसे आले नाहीत, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दारातल्या वरोऱ्यानं ते माझ्या चालीवरून ओळखलं आणि मेसचं बिल भरून टाकलं. गणिताचा मुलगा होता तो. मी मराठीचा. वर्गात आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

एका उन्हाळ्यात रेक्टरसाहेबांनी गच्चीला कुलूप लावलं. कारण सांगितलं सुरक्षा. खरं कारण, रात्री वर गाणी म्हटली जायची आणि खाली त्यांच्या क्वार्टरमध्ये झोप लागायची नाही. अर्ज केले, शिष्टमंडळ गेलं, कुलूप काही निघालं नाही. मग आम्ही कॉट उचलून व्हरांड्यात आणल्या. तळमजल्यापासून वरपर्यंत सगळं होस्टेल एका ओळीत झोपलेलं. गाणी आता रेक्टरसाहेबांच्या खिडकीच्या आणखी जवळ. आठव्या दिवशी किल्ली परत मिळाली.

हे सगळं परवा परवापर्यंत मी नुसत्या आठवणी म्हणून सांगत होतो. मग धाकट्या भावाच्या घरी सॅन होजेला जाणं झालं आणि पुतणी म्हणाली, "मोठेबाबा, चला, तुम्हाला माझं कॉलेज दाखवते."

डोंगर ओलांडून आम्ही सांताक्रूझला गेलो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाची ही शाखा १९६५ साली सुरू झाली. आधी ते एक मोठं रांच, म्हणजे गुरांचं कुरण, होतं. चुन्याच्या जुन्या भट्ट्या अजून उभ्या आहेत. खाली समुद्र, वर रेडवूडचं जंगल, आणि त्या जंगलात इमारती अशा लपवलेल्या की विद्यापीठ कुठं आहे हे विद्यापीठात उभं राहूनही विचारावं लागतं. मी मुख्य इमारत शोधत होतो, घुमट, घड्याळ, निदान पुतळा. काही नाही. तिथं दहा निवासी कॉलेजं आहेत आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांतल्या एकात नाव घालावंच लागतं. पदवी विद्यापीठ देतं, विषय विद्यापीठ शिकवतं. पण राहणं, जेवणं, पहिल्या वर्षाचा एक वर्ग हे कॉलेजचं. बहुतेक ठिकाणी दोन कॉलेजांत मिळून एक मेस.

ही कल्पना क्लार्क केर आणि डीन मॅकहेन्री या दोघांची. केर पूर्ण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष, मॅकहेन्री सांताक्रूझचे पहिले प्रमुख. मला आवडलेली गोष्ट अशी की तरुणपणी स्टॅनफर्डला शिकत असताना हे दोघं रूम पार्टनर होते. केर शिकले होते एका छोट्या कॉलेजात आणि मॅकहेन्री एका मोठ्या विद्यापीठात. दोघांचा वाद तेव्हापासूनचा. मोठ्या विद्यापीठात ग्रंथालय मिळतं, प्रयोगशाळा मिळते, पण पोरगा गर्दीत हरवतो. छोट्यात पोरगा सापडतो पण बाकी काही मिळत नाही. तीस वर्षांनी अधिकार हातात आल्यावर त्यांनी दोन्ही एकत्र बांधून पाहिलं. म्हणजे एका खोलीतल्या रात्रीच्या गप्पांवर सरकारी पैशानं आख्खं विद्यापीठ उभं राहिलं. आमच्या खोलीतल्या गप्पांतून फार तर एक हस्तलिखित मासिक निघालं, तेही दोन अंकांत बंद पडलं.

पुतणीनं तिथली एक दंतकथाही सांगितली. कॅम्पसला मध्यवर्ती चौक मुद्दाम ठेवला नाही, म्हणे, म्हणजे पोरं जमून मोर्चे काढणार नाहीत. बर्कले ही याच विद्यापीठाची थोरली शाखा. तिथलं मोठं विद्यार्थी आंदोलन १९६४चं आणि सांताक्रूझचा आराखडा १९६३चा, तेव्हा हिशेब काही जुळत नाही. पण मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. आमच्याकडे हिवाळी अधिवेशन आलं की राज्यभरचे मोर्चे पोलीस जिथं अडवतात त्यांतली एक ठरलेली जागा म्हणजे मॉरिस कॉलेज टी-पॉइंट. मॉरिस कॉलेज १८८५चं. नाव बदलून किती वर्षं झाली, तरी पोलिसांच्या, रिक्षावाल्यांच्या आणि मोर्चेवाल्यांच्या तोंडी मॉरिसच. जगात लोक कॉलेजात चौक नको म्हणून घाबरतात, आणि आमच्या कॉलेजानं अख्ख्या महाराष्ट्राच्या मोर्च्यांना आपलं नाव देऊन ठेवलंय.

त्या दहांतलं क्रेस्गे नावाचं कॉलेज मला पाहायचं होतं, कारण पुतणी त्याच्याबद्दल गाडीतच बोलायला लागली होती. चार्ल्स मूर आणि विल्यम टर्नबुल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बांधलं. एखाद्या टेकडीवरच्या गावासारखं: मधून वळत वळत चढणारी एक गल्ली आणि दोन्ही बाजूंना खोल्या. गल्लीकडच्या भिंती पांढऱ्याशुभ्र, झाडांकडच्या मातकट. आता तिथं बरंच नवं बांधकाम झालंय, म्हणून तिनं फोनवर जुने फोटो काढून दाखवले. एका फोटोत एक भव्य कमान होती. मी विचारलं, हा कशाचा दरवाजा, ग्रंथालयाचा का?

"नाही मोठेबाबा. लॉन्ड्री आहे ती."

कपडे धुण्याच्या मशीनच्या खोलीला कमान. टेलिफोनच्या बूथलाही तसाच थाट. मूर यांचं म्हणणं, कॉलेजात लोक खरे भेटतात ते अशाच किरकोळ ठिकाणी. मग स्मारकं तिथंच का नकोत? थट्टा होती ती, पण अर्धीच. मी त्या फोटोकडे बघत राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर आमचा शेवाळलेला ओटा होता, सात नळांचा, चार मेलेल्यांसकट. त्याला कुणी कमान बांधली असती तर आम्ही तिच्यावर लंगोट वाळत घातले असते.

खरं सांगायचं तर नागपूर विद्यापीठ अशा कल्पनेतून जन्मलंच नाही. ४ ऑगस्ट १९२३ला ते सुरू झालं तेव्हा सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी होते. कॉलेजं आधीची, हिस्लॉप १८८३चं, मॉरिस त्यानंतरचं. विद्यापीठ नंतर येऊन त्यांच्या डोक्यावर बसलं. १८५७ साली मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं लंडनच्या नमुन्यावर काढली, परीक्षा घेणारी, पदव्या देणारी. पोरगा राहतो कुठं, जेवतो काय, हा त्यांचा प्रश्न नव्हता. पुढे कलकत्ता विद्यापीठ आयोगानं निवासी विद्यापीठांचा आग्रह धरला आणि १९२१ साली ढाक्याचं विद्यापीठ निघालं ते तीन हॉल घेऊनच. विद्यार्थी आधी हॉलचा, मग विद्यापीठाचा. नागपूरला ते वारं लागलं नाही. इथले एक कुलगुरू हरिसिंग गौर यांनी मात्र पुढे १९४६ साली स्वतःच्या कमाईतून सागरला विद्यापीठ काढलं, तेही शहराबाहेर, टेकडीवर.

आमचं विद्यापीठ असं अमरावती रोडनं सांडत गेलं. महाराजबागेजवळ जुनं कार्यालय. पुढे लॉ कॉलेज, ज्याच्या नावानं चौक आहे. मग रविनगरचं मैदान आणि सुभेदार हॉल. भरतनगरला लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात पस्तीस लाखांहून जास्त रक्कम ठेवली, त्यातून १९४२ला उभी राहिलेली. आता तर तिचंच स्वतंत्र विद्यापीठ झालंय. आणि त्याच्याही पुढे पदव्युत्तर विभागांचा कॅम्पस. सकाळी कॅम्पसवर तास, दुपारी रामदासपेठेच्या ग्रंथालयात, संध्याकाळी सिव्हिल लाइन्सला फॉर्म भरायला. आमचा कॅम्पस म्हणजे सायकलची सीट. तासांच्या मधे जी काही ओळख व्हायची ती रस्त्याकडेच्या टपरीवर, तर्री-पोह्याच्या प्लेटवर. ती टपरी विद्यापीठाच्या कुठल्याच नकाशात नव्हती. म्हणून होस्टेलला इतकं वजन आलं. एका जागी राहणारं विद्यापीठ आम्हाला तेवढंच मिळालं.

आणि आपल्याकडे वसतिगृहाची गोष्टच वेगळी. तिकडे निवासी कॉलेज निघालं ते पोरगा गर्दीत हरवू नये म्हणून. इकडे निघालं ते पोरगा शहरात शिरू तरी शकावा म्हणून. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाचं बोर्डिंग उभं राहत गेलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहूंचं नाव मिळालं. आमच्या विदर्भात पंजाबराव देशमुखांचं अमरावतीचं श्रद्धानंद छात्रालय, नागपुरातलं चोखामेळा वसतिगृह. या इमारतींच्या वास्तूबद्दल कुणी लिहीत नाही, कारण वास्तू म्हणावी असं त्यांच्यात काही नव्हतं. ज्या मुलाला शहरात भाड्यानं खोली कुणी देत नव्हतं त्याला दार उघडं मिळालं, एवढीच त्यांची रचना.

आमच्या काळात खोल्या जातीनं वाटत नव्हते. पण मेसमध्ये पहिला महिनाभर कोण कुणाच्या शेजारी बसतं हे मी पाहिलंय आणि मीही कुठं बसायचो ते मला आठवतं. तुमसर ते सरळ बोलला. एका रात्री वरण वाढताना म्हणाला, "पवनी, नळावर तर माझ्याच बकेटातून पाणी घेतं तू. मग इथं काऊन दोन पाटं दूर?" मी ताट उचलून त्याच्या बाजूला सरकलो. तो काही बोलला नाही, मीही नाही. लाज वाटली होती, ती अजून पुरते.

पॅरासाइट हा शब्द सांगायचा राहिला. ज्याला खोली मिळाली नाही पण जो मित्राच्या खोलीत राहतो तो पॅरासाइट. आमच्या तीन कॉटच्या खोलीत पावसाळ्यात पाच जण. रेक्टरांची फेरी आली की दोघं गच्चीवर. मला वाटायचं ही आपल्याकडच्या गरिबीची गोष्ट. सांताक्रूझला कळलं, तिथंही राहायला जागा हाच सगळ्यात मोठा प्रश्न. गावातली भाडी इतकी की पोरं गाडीत झोपल्याच्या बातम्या येतात. विद्यापीठानं १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसवरच ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, वसाहत काढली. अन् गंमत म्हणजे १९६५ची पहिली तुकडीही ट्रेलरमध्येच राहिली होती, इमारती तयार नव्हत्या म्हणून. पुतणीला मी पॅरासाइटचा अर्थ समजावून सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे काऊच सर्फिंग." म्हटलं, असेल. आमच्याकडे काऊच नव्हता.

घरी परत आल्यावर मी हे सगळं हिला रंगवून सांगितलं. व्हरांडा, ओटा, कमान. हीसुद्धा नागपुरातच होस्टेलला होती, मुलींच्या. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला नळ गोड वाटतो, कारण तुम्ही उघड्यावर टॉवेल गुंडाळून अंघोळ करत होता. आम्ही चार बाथरूमसमोर पाच वाजल्यापासून कपडे पोटाशी धरून उभ्या. संध्याकाळी सातला गेट बंद. तुमचा कॅम्पस अमरावती रोड होता, आमचा तो व्हरांडा. मला विचाराल तर मुलींना खोलीतच नळ द्या, खोलीतच बाथरूम द्या, आणि गेट उघडं ठेवा. मग भेटतील त्या बाहेर कुणाला भेटायचं ते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. नवी होस्टेलं तशीच होतायत. मधून अंधारा बोळ, दोन्हीकडे बंद दारं, प्रत्येक खोलीला स्वतःचं संडास-बाथरूम, वर काचेची खिडकी. व्हरांडा गेला कारण चौरस फुटात तो वाया जातो असं इंजिनियर सांगतात. बोळ तापतो म्हणून एसी, एसी म्हणून दार बंद, दार बंद म्हणून आत कोण आहे आणि त्याचं तोंड काऊन उतरलंय हे कुणालाच दिसत नाही. हिचं म्हणणं बरोबर आहे. आणि वरोऱ्यानं माझं मेसचं बिल भरलं होतं, हेही खरंच आहे. दोन्ही एका नकाशात कसं बसवायचं, हे एखाद्या चांगल्या वास्तुकाराला विचारायला हवं. बोळाऐवजी व्हरांडा आणि बाथरूम आत, एवढं तरी जमायला हरकत नसावी. त्यासाठी सांताक्रूझला जायची गरज नाही. इथल्या जुन्या सरकारी क्वार्टरांत ते कधीचं जमलेलं आहे.

मागच्या मे महिन्यात बँकेचं एक काम होतं, त्या वाटेनं होस्टेल लागतं. गेटवर कुणी अडवलं नाही; पांढऱ्या केसांना आत सोडतात. जुन्या इमारतीच्या शेजारी नवी उभी आहे, खोलीत नळवाली. मी सवयीनं मागच्या बाजूला वळलो. ओटा आहे. सिमेंट फुटलंय, बाजूला कुणीतरी कढीपत्ता लावलाय. आणि ओट्यावर बकेटी रांगेत. निळ्या, लाल, रंगाचा एक रिकामा डबा. नवी इमारत उंच आहे आणि उन्हाळ्यात पाण्याला वरपर्यंत चढायचा दम नाही, असं एका मुलानं सांगितलं. वीसेक वर्षांचा, कानात इअरफोन, अंगात टी-शर्ट आणि बर्मुडा.

"कोण्या गावचे काका?"

"पवनी. तू?"

"आरमोरी."

मी जरा थांबलो. आता आरमोरीला गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ आहे, २०११पासून. म्हटलं, तू इथं कसा? म्हणाला, माझा कोर्स तिकडं नाही. मग त्याचा फोन वाजला. "काका, दोन मिनिटं बकेट पाहता काय? माझा नंबर दुसरा आहे. आलोच." आणि तो व्हरांड्याकडे पळाला.

ओट्यावर मी एकटाच. नळ अजूनही सात, नवे बसवलेत, प्लॅस्टिकचे. त्यातल्या तीन तोट्यांखालचंच सिमेंट ओलं होतं. पहिल्या नंबरची बकेट उजवीकडच्या नळाखाली लागलेली. मधला मोकळा. पाइपातून खोकल्यासारखा आवाज आला. कुणाची बकेट सरकवू नये, हे खरं. पण ही माझ्या ताब्यात दिलेली होती. मी ती उचलली आणि मधल्या नळाखाली ठेवली.